वाचक सुटता कामा नये

१४ सप्टेंबर २००६
पिस्कॅटवे, न्यू जर्सी

बाबा,

जयभीम. हे जोडून लिहायचं की तोडून, यावर तुम्ही एकदा घरी आलेल्या पाहुण्यांशी अख्खा रविवार वाद घातला होता. मी जोडून लिहिलंय. चूक असेल तर सांगा.

पत्र फाडू नका. मागच्या पत्रासारखं हे नाही. दर रविवारी सकाळी कॉलिंग कार्डवरून फोन करते, तेव्हा तिकडे नागपुरात संध्याकाळ असते. आई उचलते. ‘बाबा?’ असं विचारलं की म्हणते, “ते येऊन नाही राहिले बाप्पा, पेपर वाचून राहिले.” संध्याकाळी साडेसातला कोण पेपर वाचतं? आणि नऊ महिने कुठला पेपर पुरतो? पण ते असो. मी कामासाठी लिहितेय.

माझा ग्रंथालयशास्त्राचा कोर्स चालू आहेच. या सेमिस्टरला एक जादा विषय घेतलाय. लोक स्वतःची गोष्ट लिहून दुसऱ्याचं मन कसं वळवतात, असा काहीसा. शिकवणाऱ्या प्राध्यापक हॉलिस बाई साठीच्या आहेत, काळ्या आहेत, आणि चष्म्याच्या वरून बघतात. त्यांनी प्रत्येकाला एकेक जुनं आत्मचरित्र दिलं. माझ्या वाट्याला रूबेन कॅरो आला. हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी गुलाम होता. पाइनच्या जंगलात झाडांना चिरा पाडून राळ गोळा करायचा. पळून उत्तरेला आला, लिहायला शिकला आणि आपलं आयुष्य लिहून काढलं. पुस्तक लहानसंच आहे.

त्यातल्या काही भागाचं मराठी करायचंय. पहिली चार पानं सोबत जोडली आहेत. समास मोठा सोडलाय, कारण तुम्हाला जागा लागेल. शुद्धलेखन तपासून पाठवाल का? ‘छान’ नको. पत्रही नको, हवं तर.

प्रणिता


१६ ऑक्टोबर २००६

बाबा,

पाकीट आलं! आत माझीच चार पानं, तुमच्या लाल शाईने माखलेली, आणि चिठ्ठी नाही. पाकिटात बोट घालून पुन्हा पाहिलं, उलटं करून झटकलं. नाहीच. माझी रूममेट अदिती म्हणाली, “यार, तू नापास झालेली उत्तरपत्रिका बघून हसतेयस!” मी हसतच होते.

आता कबूल करते. त्या पानांत मी अकरा चुका मुद्दाम केल्या होत्या. ऱ्हस्वाची दीर्घ वेलांटी, ‘आणि’ची ‘आणी’, सगळे तुमचे आवडते शत्रू. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस मुलीवर कितीही चिडलेला असो, ‘आणी’ तशीच सोडून झोपू शकणार नाही, याची मला खात्री होती. तुम्ही तेवीस काढल्या. बाकीच्या बारा माझ्या स्वतःच्या. लाज वाटली.

यंदा दीक्षाभूमीवर पन्नास वर्षांची गर्दी होती, असं आई सांगत होती. तुम्ही सकाळी जाऊन पुस्तकांच्या स्टॉलपाशीच अडकलात आणि तिथल्या एका पाटीवरची चूक त्या माणसाला दाखवलीत म्हणे. तो काय म्हणाला?

रूबेनचं सांगते. पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर रूबेन नाही. आधी दोन गोऱ्या गृहस्थांची पत्रं आहेत. एक पाद्री, एक वकील. वकील लिहितो की हा मनुष्य माझ्या परिचयाचा असून तो नम्र, स्वच्छ आणि मद्यापासून दूर आहे. ते वाचलं आणि मला गेल्या डिसेंबरात तुम्ही पाठवलेली तुमच्या पुस्तकाची पहिली पानं आठवली. प्राचार्य देशकरांची प्रस्तावना. ‘श्री. पंडित सोमकुवर हे अत्यंत प्रामाणिक व निर्व्यसनी गृहस्थ आहेत.’ निर्व्यसनी! माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मग मी तुम्हाला ते पत्र लिहिलं, त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘एका बामणाचा दाखला जोडावा लागतो, इतकं तुमचं आयुष्य खोटं आहे का?’

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. छापखान्यात जाऊन पुस्तक थांबवून आलात, एवढं आईकडून कळलं.

वर्गातही मी तेच बोलले. रूबेनने ही पत्रं फाडून टाकायला हवी होती, असं म्हणाले. हॉलिस बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि मग पुस्तक कुणी छापलं असतं?” असं विचारलं. पुढे म्हणाल्या, “दाराशी पहारेकरी उभा असताना आत कसं शिरायचं, ते त्याला माहीत होतं. आत शिरल्यावर त्याने काय केलं, ते वाच. घाईने रागावू नकोस.” पूर्ण वर्गासमोर!

म्हणून आता नीट वाचतेय. या बाईंच्या मते मन वळवायचे तीन रस्ते असतात. माझ्यावर विश्वास ठेव, हा एक. माझं काळीज तुझ्या काळजाशी लावून बघ, हा दुसरा. आणि आता डोकं चालव, हा तिसरा. रूबेन पहिल्यावर किती कष्ट घेतो बघा. ‘ज्याला शंका असेल त्याने मालकाच्या घरी जावं. व्हरांड्याला सात पायऱ्या आहेत. मला कुठल्याच पायरीवर बसायची परवानगी नव्हती, म्हणून मी त्या मोजत उभा राहायचो.’ पायऱ्यांचा आकडा देतो, कारण त्याच्या शब्दाला कुणी किंमत देणार नाही हे त्याला माहीत आहे.

आणखी सहा पानं पाठवतेय. यात मुद्दाम चूक एकही नाही.

प्रणिता


१२ नोव्हेंबर २००६

बाबा,

सहा पानं परत मिळाली. नऊ चुका. प्रगती आहे ना? आणि यावेळी तुम्ही एका जागी लाल रेघ न मारता पेन्सिलीने एक बारीक उभी रेघ ओढलीत. रूबेनच्या आईला विकतात, तिथे. तो रडण्याबद्दल काही लिहीत नाही. एवढंच लिहितो की तिने चुलीवर ठेवलेलं मक्याचं पीठ शिजत होतं, आणि मी ते खाल्लं, कारण मला भूक लागली होती. त्या वाक्यापाशी तुमची पेन्सिल थांबली. तिथे दुरुस्ती काहीच नव्हती. मी समजले.

आज मला एक सांगायचंय आणि ते सांगायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. आधी भांडी घासली, मग कपडे धुतले, मग उगाच लायब्ररीत जाऊन बसले.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मराठी मंडळाचा गणपती होता. मला मराठी ऐकायचं होतं हो, बाकी काही नाही. दाराशी मालिनीकाकू छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. मी सांगितलं, “प्रणिता पंडित सोमकुवर.” त्यांनी ‘प्रणिता पंडित’ एवढं लिहिलं, चिठ्ठी भरली, मागून कुणीतरी हाक मारली, आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली. मग हसून विचारलं, “पंडित म्हणजे कुठले गं? पुण्याचे?” मी म्हटलं, “नागपूरचे.” “हो का! आमचे बरेच लोक आहेत नागपुरात, महाल भागात.”

तुमचं नाव, बाबा! आजोबांनी हौसेनं तुमचं नाव पंडित ठेवलं, आपला पोरगा शिकावा म्हणून. आणि ते नाव मी आडनाव म्हणून छातीवर चिकटवून हॉलभर फिरले.

एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. वर्ष झालं, सगळे मला प्रणिता पंडितच म्हणतात. मालिनीकाकू माझ्या आजारपणात डबा घेऊन आल्या, त्यांनी मला चांगल्या मायेनं वागवलं, हेही खरं. आणि त्यांच्याच घरी जेवताना एकदा एक पाहुणे ‘त्या लोकांच्या’ सवलतींबद्दल बोलायला लागले, तेव्हा मी खाली मान घालून वरणभात कालवत राहिले. एवढा कालवला की त्याची पेज झाली. मला स्वतःची किळस आली होती.

ते जेवण मी डिसेंबरात जेवले. त्याच आठवड्यात तुमची पानं आली आणि मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. तारखा बघा म्हणजे कळेल. तुम्ही उघडपणे, स्वतःच्या नावाखाली, दुसऱ्याची साक्ष घेतली होती. मी तर चोरून दुसऱ्याची जातच घेतली होती. राग माझा माझ्यावर होता आणि फोडला तुमच्यावर. चुकले बाबा.

आणखी एक. तुमच्या हस्तलिखिताची झेरॉक्स माझ्याजवळ आहे. त्यातलं छापखान्याचं प्रकरण मी तेव्हा भरभर वाचलं होतं. परवा सावकाश वाचलं. झाडू मारता मारता छपाईच्या खिळ्यांची उलटी अक्षरं बघून तुम्ही वाचायला शिकलात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तुम्ही काढलेल्या चुकांखाली पहिली चार वर्षं दुसऱ्या कुणाची तरी सही लागायची, त्याशिवाय अक्षरं जुळवणारा जुळारी खिळ्याला हात लावत नसे, हे मी वाचूनही वाचलं नव्हतं. मग साठीत पुस्तक लिहिताना तुमचा हात आपोआप सही मागायला गेला, यात तुमची काय चूक? तुम्हाला पहारेकरी माहीत होता. मला तो दिसायचाच नाही, कारण मी दारातून आत शिरले होते ती तुमच्या खांद्यावर बसून.

पुस्तक छापा बाबा. प्रस्तावना ठेवून छापा. माझं काही म्हणणं नाही. मला फक्त ते हातात घ्यायचंय.

शेवटची तीन पानं जोडतेय. प्राध्यापक बाईंना मराठी येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कोर्सला अनुवाद लागतच नव्हता. तुमच्याशी बोलायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही.

तुमची प्रणिता


२० डिसेंबर २००६

बाबा,

तीन पानं, चुका दोन. त्यांतली दुसरी चूक मी दहा-बारा वेळा वाचली असेल.

शेवटच्या पानावर रूबेन गुलामीचा कायदा उलटापालटा करून दाखवतो. ‘कायदा म्हणतो, मी वस्तू आहे. मग मी पळालो तेव्हा चोर कोण? वस्तूला स्वतःची चोरी करता येते का? येत असेल, तर ती वस्तू नव्हे.’ हा त्याचा तिसरा रस्ता, डोक्याचा. आणि त्यानंतर एकदम आवाज खाली आणतो. मी लिहिलं होतं, ‘उद्या मुलं विचारतील की हे सगळं चाललं होतं तेव्हा आम्ही काय करत होतो.’

तुम्ही ‘आम्ही’ खोडलंत. वर ‘आपण’ लिहिलंत. आणि समासात, एका वर्षानंतर, मला उद्देशून पहिलं वाक्य: ‘आम्ही लिहिलंस तर वाचक सुटला. त्याला सोडू नकोस.’

बाबा! इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे. पूर्ण पुस्तकात तो ‘आम्ही’च्या अर्थाने वापरलाय, आम्ही राळ काढली, आम्ही मार खाल्ला. शेवटच्या पानावर शब्द तोच राहतो आणि वाचणारा गुपचूप आत ओढला जातो. इंग्रजी वाचताना माझ्या ध्यानातही आलं नाही. तुम्ही मूळ पुस्तक न बघता, नुसत्या मराठीवरून पकडलंत! मी वर्गात माझ्या भाषणात हेच सांगितलं. आमच्या भाषेत दोन शब्द आहेत, एकात ऐकणारा बाहेर उभा असतो आणि एकात आत. कुठला घ्यायचा ते माझ्या वडिलांनी सांगितलं. हॉलिस बाईंनी विचारलं, “वडील प्राध्यापक आहेत का?” मी म्हटलं, “मुद्रितशोधक आहेत. आणि लेखक.” त्यांनी दोन्ही शब्द मला फळ्यावर देवनागरीत लिहायला लावले आणि तास संपला तरी पुसू दिले नाहीत.

दुसरं काम त्याच आठवड्यात केलं. डबा परत द्यायच्या निमित्ताने मालिनीकाकूंकडे गेले. चपला काढायच्या आधीच सांगितलं, नाहीतर माझा धीर गेला असता. “काकू, पंडित हे माझ्या बाबांचं नाव. आडनाव सोमकुवर. आपण बौद्ध आहोत.” बघा, तिथेही घाबरून ‘आपण’ म्हणाले. मग दुरुस्त केलं, “म्हणजे आम्ही.”

त्या जरा वेळ डब्याचं झाकण लावत-काढत राहिल्या. “अगं, मग सांगायचंस ना,” म्हणाल्या. “आम्हाला काय फरक पडतो?” मी म्हटलं, “मला पडत होता.” आतल्या खोलीत काकांचा टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला, पण काका बाहेर आले नाहीत. चहा झाला, तेव्हा रूबेनबद्दलही थोडं सांगितलं. मी बसने घरी आले आणि घळाघळा रडले. पण जेवले व्यवस्थित, काळजी नको.

दोन आठवडे त्यांचा फोन आला नाही. बरं, संपलं, असं म्हणून मी मनाची तयारी केली. काल सकाळी फोन वाजला. अदितीने उचलला. पलीकडून आवाज, “प्रणिता सोमकुवर आहेत का?” आहेत का, म्हणे! मला हसू आवरेना. त्यांना रूबेनची मराठी पानं वाचायला हवी आहेत. मी अजून दिलेली नाहीत. देईन बहुतेक. त्या जेवणाच्या दिवशी त्याही गप्प बसल्या होत्या, त्याबद्दल मला आधी त्यांच्याशी बोलायचंय.

तुम्ही पुस्तकाचं काय ठरवलंत? आईला विचारलं तर ती म्हणते, “मला कायले विचारतं? तुझ्या बापाले विचार.” म्हणून विचारतेय.

तुमची प्रणिता


२५ फेब्रुवारी २००७

प्रिय बाबा,

पार्सल बुधवारी मिळालं. पोस्टमनने बर्फातून पायऱ्या चढून आणून दिलं. खाकी कागद, सुतळी, वर तुमचं गोल अक्षर. आत एकशे ब्याण्णव पानांची प्रुफं आणि त्यांवर चिठ्ठी. ‘तपासून पाठव. दया नको. बाबा.’

नाही केली. लाल पेन नवीन आणलं. चार दिवस लायब्ररीतून लवकर निघाले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक ओळ पट्टी लावून वाचली, तुम्ही वाचायचात तशी. दोन जागी रडू आलं, पण रडून झाल्यावर ती ओळ पुन्हा पट्टी लावून वाचली.

पहिलं पान उलटलं तर देशकर सरांची प्रस्तावना नाही. मला धस्स झालं. वाटलं, माझ्यासाठी काढलीत. मग तिथे तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. ‘या पुस्तकाच्या दाराशी साक्षीदार उभा केलेला नाही. ज्यांना तो लागतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.’ मी घाईघाईने शेवटचं पान काढलं. तिथे बसलेत देशकर सर, निर्व्यसनी वगैरे सगळं घेऊन! बाबा, काय हो तुम्ही! मी एकटीच इतकी मोठ्याने हसले की अदिती धावत आली. सरांना दाखवलंत का? ते काय म्हणाले? आई म्हणाली की ते आधी रुसले आणि मग तुमच्याकडे भजी खाऊन गेले. तुम्ही सांगा, मला तुमच्याकडून ऐकायचंय.

शेवटचं प्रकरण तुम्ही नव्याने लिहिलंत, तेही समजलं. झेरॉक्समध्ये सगळीकडे ‘आम्ही’ होतं. आम्हाला पाणी वरून वाढलं, आम्हाला वर्गाबाहेर बसवलं. ते सगळं तसंच ठेवलंत आणि शेवटच्या दीड पानात ‘आपण’वर आलात. वाचक सुटत नाही. मीसुद्धा नाही सुटले.

आता तुमच्या प्रुफांबद्दल. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं चोख आहे. एकशे ब्याण्णव पानांत मला चूक सापडली ती एकच, आणि ती तुम्ही मुद्दाम केलेली आहे. लेकीने अकरा केल्या म्हणून बापाने एक केली, होय ना?

दुसऱ्या पानावर, जिथे मुद्रक आणि मुखपृष्ठ वगैरे बारीक अक्षरांत असतं, तिथे. एकतीस वर्षांत तुम्ही किती पुस्तकं तपासलीत, आणि त्या पानावर तुमचं नाव एकदाही आलं नाही. लहानपणी मी प्रत्येक नवं पुस्तक उघडून तिथे शोधायचे. आता तुमच्या पुस्तकात तिथे ओळ आहे, ‘मुद्रितशोधन : प्रणिता पंडित’, आणि पुढे नुसती टिंबं.

जागा तुम्ही बरोबर मोजून सोडलीत. पाच अक्षरं मावतात. मी ती लाल शाईने लिहिली आहेत आणि टिंबं खोडली आहेत. आता छापायला द्या.

रविवारी फोन करते. आईला उचलू देऊ नका.

तुमची,
प्रणिता पंडित सोमकुवर